‘उद्या पालकांना घेऊन ये’ : पंचवटीतल्या एका नववीच्या मुलाचं प्रकरण

आधी माझी चूक सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. जुलै २०२३, नववीचा वर्ग, सकाळचं सत्र, शाळा भरते सातला आणि हा मुलगा त्या आठवड्यात चौथ्यांदा साडेसातला दारात उभा. तास माझाच होता, विज्ञानाचा. मी त्याच्याकडे नीट बघितलंही नाही आणि म्हणाले, उद्या पालकांना घेऊन ये, नाहीतर वर्गात बसायचं नाही. तो "हो मॅडम" म्हणाला, मागच्या बाकावर जाऊन बसला आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेत यायचाच बंद झाला.

त्याला आईवडील नव्हते. आई २०१८ मध्ये गेली, वडील नोव्हेंबर २०२२ मध्ये, तो आठवीत असताना. शाळेला माहीत नव्हतं असं अजिबात नाही, आठवीचे वर्गशिक्षक दहाव्याला गंगेवर (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो) जाऊन आले होते. पण जूनमध्ये वर्ग बदलला, वर्गशिक्षक बदलले, आणि ही गोष्ट आठवीच्या वर्गातून नववीच्या वर्गात पोचलीच नाही. हजेरीपटावर नाव तेच, जनरल रजिस्टरला वडिलांचं नाव तसंच. ६४ मुलांच्या वर्गात मला ते कळलं नाही हे कारण म्हणून सांगता येईल पण ते मला स्वतःलाच पटत नाही, विचारलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं.

(मुलाचं आणि शाळेचं नाव लिहीत नाहीये, ओळख पटेल असे एकदोन बारीक तपशीलही बदललेत. तो आता मोठा होतोय, त्याची गोष्ट त्याच्या नावाने फिरू नये.)

तो येत नाही हे मला कळलं ते शाळेतल्या शिपाई मावशींकडून. एकोणीस दिवस झाले होते. मी ऑफिसात गैरहजर मुलांची यादी देत होते तेव्हा मावशी झाडता झाडता म्हणाल्या, "मॅडम, तो आमच्याच गल्लीत राहतो पेठ रोडला. त्याला तुम्ही पालक आणायला सांगितले ना, कोणाला आणणार तो? म्हातारी आहे एक, ती गंगेवर भाजी विकते, ती धंदा सोडून कशी येणार." मी तिथेच खुर्चीत बसले.

रविवारी मावशींसोबत घरी गेले. पत्र्याची एक खोली, बाहेर मोरी, आत एका खिळ्याला दप्तर अडकवलेलं आणि दप्तरात पुस्तकं होती आठवीची. नववीचं एकही नाही. मला हे बघून जे वाटलं ते वाटलंच, पण त्यातून एक गोष्ट मला आयुष्यात पहिल्यांदा स्पष्ट दिसली, वीस वर्षं शिकवत असून. आठवीपर्यंत पुस्तकं फुकट मिळतात, दुपारची खिचडी मिळते, शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांना धरून आहे. नववीत गेलं की पुस्तकं विकत, पोषण आहार बंद, कायद्याचा हात सुटलेला. ज्या मुलाच्या घरात कमावतं माणूस आहे त्याला हा फरक म्हणजे जूनमधला एक जास्तीचा खर्च. पण ज्याचा बाप सात महिन्यांपूर्वी गेलाय त्याला हे सगळं एकाच जूनमध्ये अंगावर येतं. आपण म्हणतो पोरगं अभ्यासात मागे पडलं म्हणून नववीत गळलं. हा मुलगा सातवीत ७१ टक्क्यांवर होता.

आजी बोलत होती, तो भिंतीकडे तोंड करून बसलेला. "बाई, पोरगं वाईट न्हाई हो. रात्री यार्डात जातं." मग कळलं उशिराचं कारण. मार्केट यार्डात संध्याकाळी भाजीचे लिलाव होतात आणि मग मुंबईला जाणाऱ्या गाड्या भरल्या जातात, तिथे हा कॅरेट उचलायला जायचा, घरी यायला अकरा साडेअकरा. पहाटे पुन्हा आजीची मेथी-कोथिंबिरीची पाटी डोक्यावर घेऊन गंगेपर्यंत. त्यानंतर आंघोळ करून शाळा. तो साडेसातला पोचत होता हेच खरं तर नवल होतं, आणि मी त्याला दारात उभं करत होते.

मी त्याला सॉरी म्हणाले. शिक्षकाने मुलाला सॉरी म्हणावं की नाही यावर स्टाफरूममध्ये नंतर बरीच चर्चा झाली, असो, मला ते बरोबर वाटलं. तो काहीच बोलला नाही. मंगळवारी आला.

इथून पुढचं दीड वर्ष काय काय केलं ते लिहिते, त्यात फसलेलं पण लिहिते.

पहिली गोष्ट फोन नंबरची. वर्गाचा पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो, त्यात याच्या नावापुढे वडिलांचा नंबर होता. तो फोन वडील गेल्यावर काका घेऊन गेले होते सिन्नरला. म्हणजे आठ महिने शाळेचे सगळे मेसेज, चाचणीचं वेळापत्रक, सहामाहीच्या तारखा, पालकसभा, सगळं त्या फोनवर जात होतं आणि कोणी उघडूनही बघत नव्हतं. आजीकडे साधा बटणांचा फोन. आम्ही तिचा नंबर रजिस्टरला घेतला आणि ठरवलं की याच्यासाठी मेसेज नाही, फोन करायचा, शनिवारी, दुपारी दोननंतर, कारण तेव्हा तिची पाटी रिकामी होते. एवढ्याशा गोष्टीने जेवढा फरक पडला तेवढा नंतरच्या मोठ्या गोष्टींनीही पडला नसेल.

दुसरी गोष्ट, आमचा एक मोठा गैरसमज. स्टाफमध्ये दोघातिघांचं म्हणणं होतं की अनाथ आहे ना, मग त्याला सरकारचे पाच लाख मिळाले असतील. ते पाच लाख म्हणजे कोविडमध्ये आई आणि वडील दोन्ही गेलेल्या मुलांसाठी राज्याने २०२१ मध्ये ठेवलेली मुदत ठेव, आणि केंद्राचे दहा लाख पीएम केअर्समधून, तेही त्याच काळातल्या मुलांसाठी. याची आई काविळीने गेली, वडील हायवेवर अपघातात. त्याला यातलं काहीच लागू नव्हतं. लोकांच्या डोक्यात कोविडनंतर अनाथ मूल म्हणजे पैसे मिळालेलं मूल असं काहीतरी बसलंय आणि त्यामुळे बाकीच्या मुलांची चौकशीसुद्धा होत नाही, हे मी नंतर आणखी दोन शाळांमध्ये ऐकलं.

त्याला लागू होती ती बालसंगोपन योजना, आताचं नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. नातेवाइकांकडे किंवा एकल पालकाकडे राहणाऱ्या मुलांसाठी, अठरा वर्षांचं होईपर्यंत. आधी ४२५ रुपये महिना होते, मग ११०० झाले, २०२३ पासून २२५०. मूल संस्थेत न टाकता घरातच वाढावं हा तिचा हेतू आणि मला तो फार मोलाचा वाटतो, कारण आजीला गल्लीतल्या कोणीतरी सांगून ठेवलं होतं की नाव नोंदवलं की पोराला उंटवाडीच्या बालगृहात नेऊन टाकतात. ही भीती काढायलाच आम्हाला तीन शनिवार लागले. मावशींनी काढली ती, मी नाही.

कागदांमध्ये अडलं ते आईच्या मृत्यूच्या दाखल्यावर. वडिलांचा दाखला महापालिकेतून दोन दिवसांत मिळाला कारण मृत्यू हॉस्पिटलमधला. आई गेली माहेरी, दिंडोरी तालुक्यातल्या गावात, घरीच, आणि नोंद कोणी केलीच नव्हती. नोंद नाही म्हणजे कागदावर त्याची आई हयात. आणि आई हयात म्हणजे मुलगा अनाथ नाही. मृत्यूला वर्ष उलटून गेलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय ग्रामपंचायत नोंद घेऊच शकत नाही, कायदाच तसा आहे. त्यासाठी आधी ग्रामपंचायतीचा नोंद आढळत नसल्याचा दाखला, मामाचं प्रतिज्ञापत्र, पोलीस पाटलाचा दाखला, साक्षीदार. आमच्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी वकील आहे, त्याने एक रुपया न घेता सगळं लिहून दिलं आणि दोन वेळा स्वतः आला. पाच महिने लागले. एका खेपेला आजी दिवसभराचा धंदा बुडवून आली आणि समोरच्या माणसाने आधार कार्डावर तिच्या नावात एक वेलांटी वेगळी आहे म्हणून परत पाठवलं. ती बाहेर येऊन पायरीवर बसली आणि मला म्हणाली, "बाई, माझी लेक गेली हे मलाच सारखं सारखं सिद्ध करावं लागतंय." मला यावर काहीही बोलता आलं नाही, आजही येत नाही.

शिक्षकांना माझं कळकळीचं सांगणं आहे, मूल अनाथ झालं कळलं की सांत्वन करून झाल्यावर पहिल्या महिन्यात एकच गोष्ट विचारा, दोघांचे मृत्यूचे दाखले आहेत का. वर्षाच्या आत काम सोपं असतं.

मग बँक. आजी कायद्याने आपोआप पालक होत नाही, नैसर्गिक पालक म्हणजे आईवडील, त्यामुळे एका बँकेत खातं उघडायला कोर्टाचं पालकत्व मागितलं. पण दहा वर्षांवरचं मूल स्वतःच्या सहीने बचत खातं चालवू शकतं अशी रिझर्व्ह बँकेची परवानगी २०१४ पासून आहे, हे आमच्या क्लार्कना माहीत होतं (त्यांच्या मुलीचं खातं तसंच होतं). दुसऱ्या बँकेत तसं उघडून मिळालं. सही करायची म्हणून त्याने घरी वहीचं एक अख्खं पान सह्यांनी भरवलं होतं, ते पान मला दाखवलं, तो माझ्याशी आपणहून बोलायला लागला तो त्या दिवसापासून.

अर्जाला एक फोटो लागतो, मूल आणि सांभाळणारा माणूस, घराच्या दारासमोर उभे. तो फोटो मी माझ्या मोबाईलवर काढला. आजीने ठेवणीतलं लुगडं नेसलेलं, याने शाळेचा गणवेश, आणि क्लिक करायच्या आधी आजीने वाकून त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं. तेवढ्यात मी फोटो काढला, म्हणून त्या फोटोत आजीचा चेहरा नीट नाही, हात आहे. दुसरा काढून दिला. पहिला माझ्याकडे आहे.

गृहचौकशी झाली, बाल कल्याण समितीपुढे उभं राहणं झालं, तिथल्या बाईंनी त्याला वेगळं बसवून तुला कुठे राहायचंय असं विचारलं हे मला फार आवडलं. मंजुरी आली तेव्हा तो दहावीत गेलेला होता. दप्तर बघितल्यापासून पहिला हप्ता खात्यात दिसेपर्यंत अकरा महिने.

आता प्रश्न असा की हे अकरा महिने पोरगं शाळेत टिकवायचं कसं. योजना आज ना उद्या येते पण भूक रोज लागते, आणि शाळेचं खरं काम मला इथेच दिसलं.

पुस्तकं सोपी होती, दहावीत गेलेल्या मुलांकडून नववीचा सेट घेतला. जेवणात आम्ही चुकलो. आम्ही सहा शिक्षकांनी आळीपाळीने डबा आणायचा ठरवला, मोठ्या उत्साहाने, आणि त्याला मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये बोलवायला लागलो. दोन दिवस आला, तिसऱ्या दिवशी म्हणाला भूक नाही. सगळा वर्ग बघतोय की हा रोज स्टाफरूममध्ये खायला जातो, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. मग मावशींनीच मार्ग काढला. त्यांनी त्याला सांगितलं की प्रयोगशाळेच्या चाव्या आणि पाण्याच्या टाकीचा कॉक मधल्या सुट्टीत तू बघ, मला गुडघ्याने जिना होत नाही. काम झालं की तो मावशींजवळ बसून जेवायचा, डबा आम्ही मावशींकडे ठेवायचो. शेवटपर्यंत चाललं हे. अजूनही त्याला वाटतं तो मावशींचा डबा होता, आणि खरं सांगायचं तर निम्मे दिवस तो त्यांचाच असायचा.

त्याहून मोठी चूक १५ ऑगस्टला झाली. वह्यावाटपाचा कार्यक्रम होता, पाहुणे आलेले, आणि माईकवरून त्याचं नाव "आपल्या शाळेतील अनाथ विद्यार्थी" म्हणून पुकारलं गेलं. तो स्टेजवर गेला, बारा वह्या घेतल्या, फोटो झाला. पुढचे दोन दिवस आला नाही. वह्या त्याने गल्लीतल्या लहान पोरांना वाटून टाकल्या. देणाऱ्यांचं मन चांगलंच होतं यात मला शंका नाही. पण पंधरा वर्षांच्या मुलाला बारा वह्यांसाठी चारशे मुलांसमोर ते उभं राहणं आपण का करायला लावतो? मी त्या दिवशी मुख्याध्यापक सरांकडे जाऊन सांगितलं, आणि सरांनी ऐकलं, याचं श्रेय त्यांना. तेव्हापासून आमच्याकडे वस्तू ऑफिसातून दिल्या जातात, फोटो नाही, नाव नाही. दोन देणगीदार नाराज झाले आणि बाकी सगळे राहिले.

उशिराचं काय केलं तर सरांनी पहिला तास बदलून दिला, त्याच्या वर्गाला पहिला तास शारीरिक शिक्षणाचा आणि सात चाळीसपर्यंत आला तरी हजेरी. नियमात बसतं का, बसवलं. यार्डात ज्या आडत्याच्या गाळ्यावर तो जायचा त्यांना मी आणि क्लार्क भाऊ भेटून आलो. तेही बोलले, मॅडम मी नाही घेतलं तर दुसऱ्या गाळ्यावर जाईल. शेवटी नऊला सोडायचं कबूल केलं आणि पाळलं. बालसंगोपनचे पैसे सुरू झाल्यावर यार्ड बंदच झालं, फक्त बुधवारी बाजाराच्या दिवशी आजीबरोबर.

वर्गातल्या काही बारीक गोष्टी मी तोपर्यंत कधी बघितल्याच नव्हत्या. मराठीच्या बाईंनी निबंधाला ‘माझी आई’ दिला होता, त्यांनी तो ‘माझ्या घरातलं माणूस’ केला, सगळ्या वर्गासाठी. त्याने आजीवर दीड पान लिहिलं. प्रगतिपुस्तकावर पालकाची सही म्हणजे आजीचा अंगठा, आणि मुलं हसतील म्हणून तो सही स्वतःच करायचा, हे आधीच्या शिक्षकांनी खोटी सही म्हणून पकडलं होतं एकदा. आम्ही त्याची सही ऑफिसात मावशींसमोर घ्यायला लागलो. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर आधारचे बोटांचे ठसे अपडेट करावे लागतात, ते कोणाच्या लक्षात राहणार, घरात सांगणारं कोणी नाही, ते मी माझ्या डायरीत लिहून ठेवलं होतं.

एक गोष्ट मात्र कायमची हातातून गेली. आठवीत एनएमएमएस नावाची शिष्यवृत्तीची परीक्षा असते, सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या मुलांसाठी, साडेतीन लाखाच्या आतलं उत्पन्न, पास होऊन गुणवत्तेत आलं की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. म्हणजे बरोबर जिथे बाकीची मदत संपते तिथून ही सुरू होते. पण बसता येतं फक्त आठवीत, एकदाच. परीक्षा असते डिसेंबरमध्ये, याचे वडील गेले नोव्हेंबरमध्ये, तो तेव्हा गावी होता आणि परत आणून परीक्षेला बसवायला हवं हे कोणालाच सुचलं नाही. सातवीला ७१ टक्के असलेला मुलगा. चार वर्षांचे ४८,००० रुपये. मी हे आकडे मुद्दाम मांडतेय कारण ते मला टोचतात.

दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारी २०२५ ला सुरू झाली. बोर्डाची फी स्टाफने भरली, आजीला न सांगता. गणिताच्या आदल्या दिवशी तो माझ्या घरी आला, भूमितीची दोन प्रमेयं करून घेतली, चहा घेतला आणि जाताना दारात म्हणाला, मॅडम नापास झालो तर तुमचं नाव खराब होईल का. मी म्हटलं, तू पेपर लिही, माझ्या नावाचं मी बघते. १३ मेला निकाल लागला. ५८ टक्के, गणितात ४१. आजी गंगेवर होती, तो पळत तिथे गेला आणि तिने भाजीच्या फडक्यातून वीस रुपये काढून त्याला पेढे आणायला पाठवलं, हे त्यानेच मला सांगितलं.

आता तो आयटीआयला आहे. अनाथ प्रमाणपत्रही झालं, महिला व बालविकासच्या विभागीय उपायुक्तांकडून मिळतं ते, शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण त्यावर आहे, २०१८ चा निर्णय. संस्थेत न राहता नातेवाइकांकडे वाढलेल्या मुलांसाठीही त्यात संस्थाबाह्य असा प्रवर्ग आहे, हे खूप जणांना माहीत नसतं, त्यांना वाटतं आश्रमातल्याच मुलांना मिळतं. आईचा दाखला नसता तर यातलं काही झालं नसतं.

आमच्या रजिस्टरला आता जूनमध्ये एक जास्तीचा रकाना आहे, ‘सध्या सांभाळ कोण करतं’, आणि वर्ग बदलताना जुने वर्गशिक्षक नव्यांना तो तोंडी समजावून देतात, दार लावून. "पालकांना घेऊन ये" असं आमच्याकडे आता कोणी म्हणत नाही, "घरून कोणाला येता येईल" असं विचारतात. या वर्षी त्या रकान्यात चार मुलं निघाली ज्यांना दोन्ही नाहीत. त्यातली दोन आठवीत आहेत, एक मुलगा आणि एक मुलगी. त्यांचे एनएमएमएसचे फॉर्म सगळ्यात आधी भरले, आणि मुलीच्या वडिलांचा दाखला अजून यायचाय, त्यासाठी मी आणि मावशी येत्या सोमवारी निफाडला जाणार आहोत.